ड्रिल न लावता दातांची कीड थांबवायची कशी?

मी कोल्हापुरात लहान मुलांच्या दातांवर उपचार करते. करवीर, कागल, पन्हाळा या भागांतून येणारे पालक खुर्चीपर्यंत पोहोचण्याआधीच दारात विचारतात, "मॅडम, मशीन लावायला लागंल का?" या प्रश्नामागे मुलाची भीती असते, आणि बहुतेक वेळा पालकांनी स्वतः लहानपणी सोसलेले दुखणेही असते. प्रामाणिक उत्तर असे की पुष्कळ किडक्या दातांना मशीन लावावी लागत नाही, मात्र त्यासाठी कीड कोणत्या टप्प्यावर आहे हे आधी नीट ठरवावे लागते आणि निवडलेल्या उपायाचा पाठपुरावा महिनोन्महिने करावा लागतो. दातात दिसणारा खड्डा म्हणजे कीड नव्हे. कीड ही आधीपासून चालत आलेली प्रक्रिया आहे आणि खड्डा हा तिचा उशिरा दिसणारा परिणाम आहे. प्रक्रिया थांबली तर खड्डा असलेला दातही टिकतो, आणि ती चालूच राहिली तर उत्तम भरलेला दातही कडेने पुन्हा किडतो.

कीड म्हणजे नेमके काय

दाताला अळी लागत नाही. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातले किडे पाडून दाखवणारे लोक आजही आठवडी बाजारात भेटतात, परंतु खाली पडणारे ते पांढरे बारीक 'किडे' त्या बियांच्याच आतले कोंब असतात.

खरी गोष्ट अशी आहे की दातांवर साचणाऱ्या चिकट थरात जंतू राहतात, आपण खाल्लेल्या साखरेवर ते जगतात आणि आम्ल तयार करतात. माती परीक्षणाच्या अहवालात शेतकरी जो सामू पाहतात, तोच सामू, म्हणजे आम्लता सांगणारा आकडा, तोंडातही मोजता येतो. तो जितका खाली, तितके आम्ल जास्त. दाताच्या पृष्ठभागावरचा सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधले, म्हणजे दाताच्या वरच्या कडक आवरणातले, कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळून बाहेर पडू लागतात. त्यानंतर लाळ हळूहळू आम्ल निवळवते आणि अर्ध्या ते एका तासात सामू पुन्हा वर येतो, तेव्हा गेलेल्या खनिजांपैकी काही भाग परत दातात बसतो. दिवसभर ही देवाणघेवाण चालूच असते. जाणारे जास्त आणि येणारे कमी असे महिनोन्महिने चालले की दात किडतो. यंत्राशिवायचे जवळजवळ सगळे उपाय हाच हिशेब उलटा फिरवण्यासाठी आहेत.

पहिली पायरी : घरी दात पाहणे

सकाळी खिडकीजवळच्या उजेडात मुलाचे डोके आपल्या मांडीवर घ्यावे, वरचा ओठ बोटाने अलगद उचलावा आणि समोरचे दात स्वच्छ सुती कापडाने पुसून कोरडे करावेत. कोरडे करणे महत्त्वाचे आहे, कारण किडीची पहिली खूण ओल्या दातावर दिसत नाही. हिरडीला लागून खडूसारखा पांढरा, निस्तेज पट्टा दिसला तर तेथून खनिजे जाऊ लागली आहेत, पण पृष्ठभाग अजून शाबूत आहे, असे समजावे. ही अवस्था पूर्ववत होऊ शकते. दुर्दैवाने नेमक्या याच वेळी कोणी दवाखान्यात येत नाही, कारण दुखत काहीच नसते.

पुढची अवस्था खड्ड्याची. येथे रंगापेक्षा कडकपणा अधिक सांगतो. चालू असलेली कीड फिकट तपकिरी, ओलसर आणि मऊ असते. उपकरणाने हलके खरवडले तर चपलेसाठी भिजवलेल्या कातड्यासारखे पापुद्रे निघतात. थांबलेली कीड काळपट, कडक आणि चकचकीत असते. म्हणूनच काळा दात पाहून घाबरणारे आणि फिकट खड्डा पाहून निश्चिंत राहणारे, असे दोन्ही पालक चुकत असतात. घरी मात्र पिन, सुई किंवा काडी दातात घालून कडकपणा तपासू नये. त्या टोकाने आतून पोखरलेला, पण वरून शाबूत असलेला पापुद्रा कायमचा मोडतो.

रात्री झोपेतून उठवणारी कळ, काही न खाता आपोआप सुरू होणारा ठणका, गार-गरम लागल्यावर बराच वेळ न थांबणारे दुखणे, हिरडीवर पुळी, गालावर सूज किंवा ताप यांपैकी काहीही असेल, तर कीड दाताच्या नसेपर्यंत गेलेली असते. अशा दाताला या लेखातले कोणतेही उपाय लागू पडत नाहीत आणि घरी लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवून दिवस काढणे धोक्याचे आहे. गालावर सूज आलेल्या मुलाला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

दुसरी पायरी : साखरेच्या वेळा मोजणे

आपल्याकडे गूळ आरोग्याला चांगला आणि साखर वाईट अशी समजूत घट्ट आहे. दाताच्या दृष्टीने हा फरक नाही. गूळ, काकवी, उसाचा रस आणि साखर या सगळ्यांत मुख्यतः तीच शर्करा असते, आणि गूळ-शेंगदाण्याची चिक्की तर दाढेच्या खाचेत चिकटून बसते म्हणून जास्त वेळ त्रास देते. गुऱ्हाळे सुरू असताना घरात ताजा गूळ असणारच आणि मुलांना तो मिळू नये असे माझे मुळीच म्हणणे नाही. किती खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले, हे मोजावे.

एका मुलाचा दिवस पाहा. सकाळी साखर घातलेले दूध आणि बिस्कीट, शाळेच्या वाटेवर चॉकलेट, मधल्या सुट्टीत चिक्की, घरी आल्यावर गुळाचा खडा, संध्याकाळी चहा-खारी आणि झोपताना पुन्हा गोड दूध. प्रत्येक वेळी अर्धा-एक तास आम्ल, म्हणजे दाताला सावरायला जवळपास उसंतच मिळत नाही. हाच गुळाचा खडा जेवणाबरोबर दिला, चिक्की जेवणानंतर लगेच दिली आणि मधल्या वेळेस शेंगदाणे, फुटाणे किंवा काकडी दिली, तर मुलाचे आवडते फारसे काही न काढता हल्ल्यांची संख्या सहावरून तीन-चारवर येते. दूध स्वतः वैरी नाही. गंगावेशीतल्या कट्ट्यावरचे दूध तसेच प्यायला मुलाला शिकवले तर उत्तमच. अपायकारक ठरते ती त्यात घातलेली साखर आणि दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपण्याची सवय, कारण झोपेत लाळ फार कमी सुटते. वरचे समोरचे चारही दात दोन-अडीच वर्षांतच झिजून गेलेली जी मुले माझ्याकडे येतात, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या आईला विचारले की उत्तर रात्रीच्या बाटलीपाशीच येते. बाटली एकदम तोडता येत नसेल तर आधी साखर बंद करावी, मग आठवडाभरात दुधाच्या जागी साधे पाणी आणावे.

तिसरी पायरी : फ्लोराइडची पेस्ट, योग्य प्रमाणात

फ्लोराइड परत बसणाऱ्या खनिजांत मिसळते आणि तेथे तयार होणारा थर आम्लाला सहज दाद देत नाही. तो विरघळायला सामू साधारण ४.५ पर्यंत खाली यावा लागतो. पेस्टच्या खोक्यावर फ्लोराइडचे प्रमाण पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग अशा मापात, छापलेले असते. सुमारे १००० पीपीएम असलेली पेस्ट पाहून घ्यावी. मुलांसाठी म्हणून रंगीत वेष्टनात मिळणाऱ्या काही पेस्टमध्ये ते फारच कमी असते किंवा नसतेच.

तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. पहिला दात आल्यापासून दिवसातून दोनदा ब्रश करावा आणि त्यांतला रात्रीचा कधीही चुकवू नये. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश मोठ्या माणसाने हातात घ्यावा, कारण तोपर्यंत मुलाचे मनगट मागच्या दाढांपर्यंत नीट वळत नाही. ब्रश झाल्यावर फेस थुंकावा, परंतु पाण्याने खळखळून चूळ भरू नये. ही एक गोष्ट पालकांना सर्वांत अवघड जाते. चूळ न भरता झोपणे आपल्याला अस्वच्छ वाटते. पण चूळ भरली की दातावर राहायला हवे ते फ्लोराइड मोरीत वाहून जाते.

राखुंडी, कोळशाची पूड आणि मीठ यांनी दात घासला जातो, कीड थांबत नाही. मिश्री तर तंबाखूच आहे. ती घरातल्या कोणीही लावू नये आणि मुलांच्या हाती तर मुळीच पडू देऊ नये. घरी पिण्यासाठी बोअरचे पाणी वापरत असाल तर त्यातले फ्लोराइड एकदा तपासून घ्यावे. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ते योग्य समजले जाते आणि १.५ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. त्याहून जास्त असेल तर दातांवर डाग पडू शकतात, आणि पुढच्या उपायांबाबत डॉक्टरांना ही माहिती द्यायला हवी.

चौथी पायरी : खड्डा पडण्याआधीचे दवाखान्यातले उपाय

खडूसारखे पांढरे पट्टे दिसत असतील तर फ्लोराइड वार्निश लावतात. हे ५ टक्के सोडियम फ्लोराइडचे, म्हणजे २२,६०० पीपीएमचे चिकट द्रव्य असते. दात कापसाने पुसायचे, छोट्या ब्रशने पातळ थर द्यायचा, लाळ लागताच ते घट्ट होते. सगळे मिळून पाच मिनिटांचे काम. त्या दिवशी कडक आणि फार गरम खाणे टाळावे व ब्रश दुसऱ्या दिवशी करावा. किडीचा धोका जास्त असलेल्या मुलाला दर तीन ते सहा महिन्यांनी ते पुन्हा लावावे लागते, आणि एकदा लावून विसरून गेलेल्या वार्निशचा फारसा उपयोग नाही.

सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे कायमची पहिली दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून पालक तिला दुधाचीच समजतात आणि आयुष्यभर पुरवायची दाढ वर्षा-दोन वर्षांत किडून जाते. ही दाढ पूर्ण वर येताच तिच्या खाचांत सीलंट, म्हणजे खाचा बंद करणारे पातळ द्रव्य, भरून घ्यावे. त्यासाठी ना सुई लागते ना मशीन. बाराव्या वर्षाच्या सुमारास येणाऱ्या दुसऱ्या दाढेलाही हेच लागू आहे.

दोन दातांच्या फटीत सुरू झालेल्या, पण अजून न फुटलेल्या किडीसाठी रेझिन हे पातळ, प्लास्टिकसारखे घट्ट होणारे द्रव्य आत झिरपवण्याची पद्धत जर्मनीत विकसित झाली आणि २००९ पासून वापरात आहे. ती चांगली आहे, पण महाग आहे. दुधाच्या दातांवर एवढा खर्च करण्याचा आग्रह मी सहसा धरत नाही.

पाचवी पायरी : खड्डा पडला आहे, पण नस शाबूत आहे

पालकांचे सर्वांत जास्त प्रश्न या टप्प्यावर असतात आणि उपायही येथेच सर्वांत जास्त आहेत.

पहिला उपाय सिल्व्हर डायमाइन फ्लोराइडचा, ज्याला आम्ही थोडक्यात एसडीएफ म्हणतो. जपानमध्ये गेल्या शतकाच्या साठ-सत्तरच्या दशकांपासून हे द्रव्य वापरात आहे, अमेरिकेत त्याला २०१४ मध्ये दातांची शिवशिव कमी करण्यासाठी मान्यता मिळाली आणि २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आवश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश केला. त्यातली चांदी जंतू मारते आणि फ्लोराइड मऊ झालेला भाग कडक करते. ३८ टक्क्यांचे द्रव्य वर्षातून दोनदा लावले तर दुधाच्या दातांतली दहापैकी साधारण आठ ठिकाणची कीड थांबते, असे आजवरच्या अभ्यासांतून दिसले आहे.

कृती अशी असते. मुलाच्या ओठांना व्हॅसलीन लावतात, गळ्याशी रुमाल बांधतात, दाताच्या दोन्ही बाजूंना कापसाच्या वळ्या ठेवून दात कोरडा करतात, द्रव्याचा एक थेंब छोट्या वाटीत घेऊन बारीक ब्रशने तो खड्ड्यात सुमारे एक मिनिट घासतात आणि थोडा वेळ मुरू देतात. किडलेला भाग आधी कोरून काढण्याची गरज नसते. मुलाला धातूसारखी कडवट चव लागते, एवढीच तक्रार येते. द्रव्य त्वचेला लागले तर पडणारा तपकिरी डाग आठवडा-दोन आठवड्यांत जातो, कपड्यावरचा जात नाही. म्हणून त्या दिवशी जुना सदरा घालून आणावे.

आता यातली मोठी अडचण. किडलेला भाग कायमचा काळा होतो. निरोगी एनॅमल काळे पडत नाही, पण समोरच्या दातांत खड्डे असतील तर हसताना काळे दिसते. नातवाला घेऊन आलेल्या एका आज्जींनी मी दाखवलेला काळ्या दाताचा नमुना-फोटो पाहून मान हलवली आणि म्हणाल्या, "बरं करायला आनलंय का काळं करायला? लोकं काय म्हनतील?" त्यांचे चुकले नव्हते. मी त्यांना एवढेच सांगितले की पर्याय भूल देऊन भरण्याचा आहे आणि पोरगा अजून तीन वर्षांचा आहे, निर्णय तुमचा. दोन दिवसांनी त्या मुलाला घेऊन परत आल्या. तीन आठवड्यांनी मी त्याच खड्ड्यावर उपकरण हलके टेकवले तेव्हा आधी रुतणारे टोक टक् आवाज करून थांबले, आणि तो आवाज मी आज्जींनाही ऐकवला. एसडीएफ लावण्याआधी काळ्या दाताचा फोटो दाखवून पालकांची लेखी संमती घेतलीच पाहिजे. जो डॉक्टर हे न सांगता लावतो, त्याच्यावर पालकांनी रागावणे योग्यच आहे. चांदीची ॲलर्जी असेल, तोंडात फोड किंवा व्रण असतील, तर हे द्रव्य लावत नाहीत.

घरातल्या वयस्कर माणसांसाठीही हा उपाय मोलाचा आहे. हिरडी खाली सरकून मूळ उघडे पडले आणि रक्तदाबाच्या किंवा इतर गोळ्यांमुळे तोंड कोरडे राहू लागले की मुळाशी कीड लागते. तेथे भरलेले सिमेंट टिकवणे अवघड असते. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना खुर्चीपर्यंत आणता येत नसेल तर एसडीएफ घरी जाऊनही लावता येते.

दुसरा उपाय दुधाच्या दाढांसाठी, स्टीलच्या टोपीचा. स्कॉटलंडमधल्या नॉर्ना हॉल या दंतवैद्य बाई दाढ न कोरता, सुई न देता, तयार स्टीलची टोपी सिमेंटने थेट किडलेल्या दाढेवर बसवत असत. आत कोंडलेल्या जंतूंना साखर मिळत नाही आणि कीड जागच्या जागी थांबते. पुढे स्कॉटलंडमधल्याच डंडी शहरातल्या संशोधकांनी १३२ मुलांवर केलेल्या चाचणीत पाच वर्षांनंतर गंभीर अपयश या पद्धतीत ३ टक्के आणि नेहमीच्या भरण्यात १६.५ टक्के आढळले. दाढा एकमेकींना चिकटलेल्या असतील तर तीन ते पाच दिवस आधी मध्ये छोटे रबर अडकवून जागा करतात. टोपी बसल्यावर चावा थोडा उंच वाटतो आणि मूल एक-दोन दिवस कुरकुरते, पण काही आठवड्यांत चावा आपोआप बसतो. दोन दाढांच्या मधली कीड असेल तर माझी पहिली पसंती या टोपीलाच असते.

तिसरा उपाय हाताच्या उपकरणांनी भरण्याचा. १९८० च्या दशकाच्या मध्याला टांझानियात, जेथे वीजही नव्हती, तेथे यो फ्रेंकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत सुरू केली आणि १९९४ च्या जागतिक आरोग्य दिनी जागतिक आरोग्य संघटनेने ती पुढे आणली. छोट्या चमच्यासारख्या उपकरणाने फक्त मऊ भाग काढायचा, नसेजवळचा थर मुद्दाम राहू द्यायचा आणि खड्डा ग्लास आयनोमर सिमेंटने बोटाने दाबून भरायचा. सिमेंटमधून फ्लोराइड झिरपत राहते. एकाच पृष्ठभागावरच्या खड्ड्यात हे उत्तम टिकते, दोन दाढांच्या मधल्या खड्ड्यात तितके टिकत नाही.

मऊ भाग काढणे आणखी सोपे व्हावे म्हणून कच्च्या पपईच्या चिकापासून मिळणाऱ्या पपेन या द्रव्याची जेल वापरतात. ब्राझीलमध्ये २००३ च्या सुमारास ती तयार झाली. ती किडलेला भाग सैल करते, निरोगी भागाला हात लावत नाही. हे वाचून कोणी घरी मुलाच्या दाताला पपईचा चीक लावू नये, तोंड भाजेल.

सहावी पायरी : डॉक्टरांना काय विचारावे

कीड चालू आहे की थांबलेली? नस शाबूत आहे हे कशावरून, आणि त्यासाठी एक्स-रे काढला का? हा दात पडायला किती वर्षे आहेत? हे तीन प्रश्न जरूर विचारावेत. "दुधाचं दात हाय, पडनारच की" हे वाक्य मी रोज ऐकते, परंतु दुधाच्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात आणि त्या लवकर काढल्या तर कायमच्या दातांची जागा आखडते. चार वर्षांच्या मुलाची दाढ म्हणजे अजून सहा-सात वर्षांचे काम बाकी असलेली दाढ.

खर्चाची अडचण असेल तर नवे पारगावच्या तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालयासारख्या संस्थेत बालदंतरोग विभागात चौकशी करावी. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते तेव्हा दातही तपासले जातात. त्या दिवशी मुलाची शाळा बुडू देऊ नये, आणि चिठ्ठी मिळाली तर ती दप्तरात पडून राहू देऊ नये.

पाठपुरावा

यंत्राशिवायच्या उपायांची खरी किंमत या पायरीत द्यावी लागते. एसडीएफ लावल्यानंतर दोन ते चार आठवड्यांनी कडकपणा पाहायला यावे आणि सहा महिन्यांनी पुन्हा लावावे. वार्निश असेल तर तीन ते सहा महिन्यांनी यावे. टोपी किंवा सिमेंट असेल तरी वर्षातून दोनदा दाखवावे. मधल्या काळात वर सांगितलेल्या धोक्याच्या खुणांपैकी एकही दिसली तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये. खड्डा अर्धवट झाकलेला असेल आणि त्यात अन्न अडकत असेल, तर ब्रश आत पोहोचेल इतके त्याचे तोंड डॉक्टरांकडून मोकळे करून घ्यावे.

दर महिन्याला एकाच खिडकीच्या उजेडात, दात पुसून, मोबाइलवर एक फोटो काढून ठेवावा आणि पुढच्या भेटीत तो डॉक्टरांना दाखवावा. खड्ड्याची कड पहिल्या फोटोत जेथे होती तेथेच सहाव्या फोटोत असेल आणि आतला रंग गडद, चकचकीत झाला असेल, तर त्या दाताला मशीन लावायचे कारण उरलेले नाही.